कावासाकीनंतर तोंड वाकडं झालं, आता हाक मारली तरी बघत नाही: ताप मेंदूवर गेला का?

यावल तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मुलगी दोन वर्षांची होत आली आहे. मार्चमध्ये तिला नऊ दिवस ताप होता. आधी टायफॉइड म्हणून सलाईन आणि इंजेक्शनं झाली, मग जळगावात कावासाकीचं निदान झालं आणि नवव्या दिवशी आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून तयार प्रतिकारद्रव्यं, दिलं. ताप उतरला. बाराव्या दिवशी सकाळी रडताना तोंड उजवीकडे ओढलं गेलेलं दिसलं, डावा डोळा मिटेना. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कॉरोनरीच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) एका फांदीचा झेड स्कोअर, म्हणजे तेवढ्याच अंगलटीच्या मुलांच्या सरासरीपेक्षा वाहिनी किती रुंद आहे ते सांगणारा आकडा, ३.२ आला. आता साडेतीन महिने झाले, चेहरा जवळपास सरळ आहे. पण मुलगी हाक मारली तर वळत नाही, आधी बोलायची ते ‘पाणी’ आणि ‘बाबा’ बंद झालं, रात्री दचकून उठते, चिडचिड संपत नाही. कुणी सांगितलं की ताप मेंदूवर गेला, एमआरआय करा, आणि पुढे फिट येऊ नये म्हणून आतापासूनच औषध ठेवा. सासूबाई म्हणतात, पोरीला वारा लागला, दोरा बांधू या.

ताई, आधी या आठवड्यात काय करायचं ते सांगतो, नाहीतर लांबलचक उत्तरात मुद्द्याचंच राहून जातं. मुलीचे कान तपासून घ्या. एमआरआयचे पैसे सध्या हातात ठेवा. फिट आलेलीच नसेल तर फिटचं औषध सुरू करू नका. आणि चेहरा सरळ झाला म्हणून इकोची पुढची तारीख टाळू नका. आता यामागची कारणं.

कावासाकी हा लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये असा पहिला रुग्ण पाहिला आणि १९६७ मध्ये अशा ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. इतकी वर्षं झाली, पण आजाराचं मूळ कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. बहुतेक मुलं पाच वर्षांखालची असतात. मधल्या आकाराच्या धमन्यांवर याचा राग, त्यातही हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरींवर जास्त. उपचार झालाच नाही तर चारातल्या जवळपास एका मुलाच्या कॉरोनरीला फुगवटा येतो. पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी पडलं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. तुमच्या मुलीला नवव्या दिवशी मिळालं, म्हणजे गाडी सुटायच्या बेतात होती पण तुम्ही डब्यात चढलात. किलोला दोन ग्रॅम या हिशेबानं अकरा किलोच्या पोरीला २२ ग्रॅम लागतं, एकाच वेळी, दहा-बारा तास थेंब थेंब. ते बिल भरताना केळीच्या घडाचा भाव मनात किती वेळा मोजला असेल ते मला कळतं. पण तो खर्च वाया गेलेला नाही.

ही सूज हृदयापुरती थांबत नाही. मेंदूचं आवरण, चेहऱ्याची नस, आतला कान, यांनाही ती शिवते. ‘नस’ म्हणताना आपल्याकडे रक्ताची नस आणि संवेदनेची नस एकच समजतात, म्हणून सांगतो: चेहरा हलवणारी जी आहे ती मेंदूतून निघणारी तार आहे, तिच्यातून रक्त वाहत नाही. पण त्या तारेलाही जगायला रक्त लागतं आणि ते आणणाऱ्या बारीक वाहिन्या सुजल्या की तार रुसते. ही तार कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते, तिथे फुगायला जागा नसते.

चेहरा वाकडा झाला की घरचे घाबरून ‘लकवा’ म्हणतात. दोन तऱ्हेचे लकवे असतात आणि त्यांच्यातला फरक बघायला यंत्र लागत नाही. मेंदूतच बिघाड असेल तर तोंडाचा कोपरा खाली येतो, पण कपाळावर आठ्या पडतात आणि डोळा मिटतो, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. मेंदूबाहेर, वाटेतली तार दुखावली असेल तर त्या बाजूचं कपाळसुद्धा गुळगुळीत राहतं आणि झोपेतही डोळ्याची फट दिसते. दोन वर्षांच्या पोरीला ‘आठ्या घाल’ सांगून काय उपयोग? आम्ही तिला रडू देतो आणि बघतो. तुम्ही लिहिलंय की डावा डोळा मिटत नव्हता. म्हणजे हा बिघाड तारेचा होता, मेंदूचा नव्हे. कावासाकीत असा लकवा विरळा दिसतो, बहुधा एकाच बाजूला, बहुतेक आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत, आपोआप भरून येतो. तुमच्या मुलीचा त्याच वाटेनं गेला.

मग मी इकोवर एवढा अडून का बसलोय? कारण ज्या मुलांचा चेहरा असा वाकडा होतो त्यांच्यात कॉरोनरीचा फुगवटा इतर कावासाकीच्या मुलांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात सापडतो. आजार अंगात जोर धरून होता, याची ती खूण. चेहरा महिन्या-दोन महिन्यांत सरळ होतो, घरात पेढे वाटले जातात, आणि आतली खरी गोष्ट कुणी विचारत नाही.

हे मी शिकलो ते चुकून. पंचवीसेक वर्षांपूर्वी साक्रीकडचं आठ महिन्यांचं पोर आलं होतं. आजी पुढे, आई मागे. आजी म्हणाली, ‘डॉक्टर, पोरनं तोंड वाकडं व्हई गयं.’ ताप अकरा दिवस होता आणि दोन दिवसांपूर्वी आपोआप उतरला होता. डोळे लाल होते का, पुरळ होतं का, हे मी विचारलं. आजी म्हणाली होतं, पण गेलं. मी त्याला साधा चेहऱ्याचा लकवा ठरवला आणि स्टिरॉइडचे थेंब लिहून दिले. तिसऱ्या दिवशी तपासणीला आले तेव्हा आमच्या सिस्टरनं पोराचा हात धरला होता. ती म्हणाली, ‘साहेब, बोटांची सालपटं निघताहेत बघा.’ नखाच्या कडेपासून कातडी सुटत होती, लसणाच्या पाकळीवरचा पातळ पापुद्रा सुटतो तशी. दहाही बोटांना. खांद्यावरची बीसीजीची खूणही लाल होऊन सोललेली होती, ती मी शर्ट काढून बघितलीच नव्हती. इकोत दोन्ही बाजूंच्या कॉरोनरींना फुगवटे निघाले. पोराला मुंबईला पाठवलं. तो आज मोठा झालाय, स्वतःचा ट्रॅक्टर चालवतो, पण हृदयाची तपासणी त्याच्या मागे लागली ती लागलीच. त्या दिवसापासून दवाखान्यात एक नियम आहे: तान्ह्या बाळाला ताप होता आणि चेहरा वाकडा झाला, तर औषध लिहायच्या आधी अंगावरचे कपडे काढा आणि इको लिहा. एक वर्षाच्या आतल्या बाळांत सगळी लक्षणं एकत्र दिसतीलच असं नसतं. डोळे, ओठ-जीभ, पुरळ, हातापायांची सूज, मानेतली गाठ, या पाचांपैकी दोन-तीनच दिसतात, तीही आगेमागे. याला आम्ही अपूर्ण कावासाकी म्हणतो. नाव अपूर्ण असलं तरी हृदयाला धोका पुरता असतो.

तुमच्या मुलीचा झेड स्कोअर ३.२ आहे. अडीचच्या वर पाचपर्यंत छोटा फुगवटा, पाच ते दहा मध्यम, दहा किंवा त्याहून जास्त म्हणजे मोठा. छोटे आणि मध्यम फुगवटे निम्म्याहून जास्त मुलांत वर्ष-दोन वर्षांत बसतात. म्हणून तिची ॲस्पिरिनची छोटी मात्रा, किलोला तीन ते पाच मिलिग्रॅम, अजून चालू आहे आणि ती हृदयाचे डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही. एक बारकी गोष्ट, जी मेडिकलवाला सांगत नाही: ताप आला की घरात पडलेलं आयबुप्रोफेनचं सिरप देऊ नका, ते ॲस्पिरिनचं रक्त पातळ ठेवण्याचं काम हाणून पाडतं. पॅरासिटामॉल चालतं. आणि ॲस्पिरिन चालू असताना घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी ॲस्पिरिननं क्वचित यकृत आणि मेंदू दोन्ही सुजतात, मूल उलट्या करत गुंगीत जातं. विरळा गोष्ट आहे, पण मेंदूच्या काळजीनं तुम्ही लिहिलंय, तर तिच्या मेंदूला आज जो खरा धोका संभवतो त्यातला हा एक. म्हणून फ्लूची लस, इंजेक्शनची, द्या.

आता कानांकडे येतो, कारण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

कावासाकीत आतल्या कानाला इजा होते, हे आमच्यातल्याही बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. आजाराच्या तापात उंच पट्टीच्या आवाजांसाठी २० ते ३५ डेसिबलची कमतरता मोजून सापडते. बहुतेक मुलांत ती भरून येते. थोड्या मुलांत राहते. ३५ डेसिबल म्हणजे काय? कुजबूज गेली. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरं वाऱ्यावर गेली. पण ढोल ऐकू येतो, ट्रॅक्टर ऐकू येतो, मोबाइलवरचं गाणं ऐकू येतं आणि पोरगी त्यावर नाचतेही. घरचे म्हणतात, ऐकू तर येतं, ऐकत नाही. मग तिला हट्टी ठरवतात. तुम्ही लिहिलंय ना, मोबाइलचं गाणं लागलं की धावत येते पण हाक मारली तर बघत नाही? अगदी हेच.

आणखी एक गोष्ट करा. टायफॉइड समजून आधी जी इंजेक्शनं झाली त्यांची चिठ्ठी शोधा. त्यात ॲमिकासिन किंवा जेंटामायसिन लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. ही औषधं चांगली आहेत, जीव वाचवतात, पण आतल्या कानाला त्यांचा विटाळ होऊ शकतो. एका बाजूला सूज आणि दुसऱ्या बाजूला हे इंजेक्शन, अशी जोडी जमली असेल तर कानांची तपासणी आणखी लवकर हवी. सुरुवातीला दिलेल्या मोठ्या मात्रेच्या ॲस्पिरिननंही ऐकणं तात्पुरतं कमी होतं, पण ते मात्रा कमी केल्यावर परत येतं. साडेतीन महिन्यांनी त्याच्यावर खापर फोडता येणार नाही.

घरी परीक्षा बघायची असेल तर ताट आपटू नका. सगळे तेच करतात. ताट आपटलं की फरशी हादरते, मूल हादऱ्यानं वळतं आणि घरच्यांची समजूत होते की ऐकू आलं. त्यापेक्षा असं करा: दुपारी घर शांत असताना, कूलर बंद करून, मुलगी पुढे काहीतरी खेळत असताना तुम्ही तिच्या मागे, हातभर अंतरावर, तिला सावलीसुद्धा दिसणार नाही अशा बसा. बिस्किटाचा पुडा हलकेच चुरगळा. एकदा उजव्या कानाच्या बाजूनं, एकदा डाव्या. मग तिचं नाव कुजबुजत्या आवाजात घ्या. वळली तर बरं, नाही वळली तर बेरा, म्हणजे यंत्रानं करायची कानांची तपासणी, नक्की. आणि वळली तरी बेरा करायचीच, कारण एका कानानं ऐकणारं मूलही वळतं.

बेरामध्ये काय करतात? झोपेचं सिरप देऊन मुलीला झोपवतात, कपाळावर आणि कानामागे मलम लावून चिकटपट्टीसारखी टोकं बसवतात, कानात बारीक टकटक सोडतात, आणि ती टकटक कानातून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचते की नाही ते पडद्यावरच्या लाटांवर बघतात. सुई नाही, दुखत नाही. अर्धा-पाऊण तास. गंमत म्हणजे सगळ्यात अवघड काम मूल झोपवायचं असतं. म्हणून आदल्या रात्री तिला उशिरा झोपू द्या, सकाळी लवकर उठवा आणि यावलहून गाडीत झोपू देऊ नका. त्याच फेरीत कानाच्या पडद्याची तपासणीही करून घ्या. मधल्या कानात पाणी साचलेलं असेल तर त्यानंही हेच होतं, आणि ते कावासाकीपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, उपचारही सोपा. खासगीत नसेल परवडत तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव द्या. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे, आणि जिल्हा पातळीच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तिथे ते पाठवतात.

कान चांगले निघाले तर? तर मी बोलण्याकडे वेगळ्या नजरेनं बघेन. दोन वर्षांच्या उंबरठ्यावर आलेले शब्द जाणं, हाकेला न वळणं, ही ऑटिझमचीही सुरुवात असू शकते, आणि ती याच वयात दिसायला लागते. आजार झाला आणि त्यानंतर दिसलं म्हणून ते आजारामुळेच झालं असं नसतं. ती बोटानं दाखवून मागते का, तुमच्या डोळ्यांत बघून हसते का, चिमणी दिसली की तुम्हाला दाखवते का, हे पंधरा दिवस लिहून ठेवा. घरात सासूबाई अहिराणी बोलतात आणि तुम्ही मराठी, त्यामुळे पोर गोंधळलं असं कुणी म्हणालं तर सोडून द्या. दोन भाषांनी बोलणं थांबत नाही. मोबाइल मात्र थांबवा. दवाखान्यात तिला गप्प ठेवायला दिला असेल, मीही देऊ दिला असता, पण आता पुरे.

चिडचिड आणि रात्रीचं दचकणं यांची मला तितकी काळजी वाटत नाही. कावासाकीचं मूल जसं चिडतं तसं दुसऱ्या तापाचं मूल चिडत नाही. मांडीवर घ्या, खाली ठेवा, पाणी द्या, काहीच चालत नाही. वॉर्डात दारातूनच ओळखू येतं. याचं कारण बहुधा मेंदूच्या आवरणाची हलकी सूज. अशा मुलांचं पाठीतलं पाणी काढलं तर साधारण एक-तृतीयांश मुलांत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, पण साखर नीट असते आणि जंतू वाढत नाहीत. ती सूज आजाराबरोबर ओसरते, मागे काही ठेवत नाही. आपल्याकडे मेंदूज्वर म्हटलं की टीबीची धास्ती असते, ती रास्तही आहे; पण टीबीच्या मेंदूज्वरात त्या पाण्यातली साखर उतरते, प्रोटीन चढतं आणि मूल दिवसेंदिवस मंद होत जातं. तुमच्या मुलीचा ताप गेला, ती धावते, नाचते. हे चित्र वेगळंच आहे. आयव्हीआयजी दिल्यावर एक-दोन दिवसांत डोकं दुखून उलट्या झाल्या असतील तर तीही आवरणाची तात्पुरती सूज, औषधामुळे आलेली. ती राहत नाही. आता जे उरलंय त्यात मोठा वाटा भीतीचा आहे. वीस महिन्यांच्या पोरीला दहा-बारा दिवस सुया टोचल्या, हात फळीला बांधून ठेवला, पांढरा कोट दिसला की रडायची. ते लगेच कसं विसरेल? रात्री दचकली तर दिवा लावून उगाच जागं करू नका. अंगावर हात ठेवून बसा.

फिटचं. कावासाकीच्या तापात झटका येऊ शकतो. कधी नुसत्या तापानं, कधी रक्तातलं सोडियम उतरल्यामुळे, जे या आजारात बऱ्याचदा उतरतं. तसा झटका आलेल्या मुलालासुद्धा आयुष्यभर औषध लागत नाही. तुमच्या मुलीला तर आलाच नाही. न आलेल्या फिटसाठी औषध दिलं तर ती पेंगेल, आणखी चिडेल, आणि बोलणं उशिरा आलं तर ते औषधामुळे की कानामुळे हे कुणालाच कळणार नाही.

एमआरआयला माझा कायमचा नकार नाही. दोन वर्षांच्या मुलीला त्यासाठी भूल द्यावी लागते आणि हृदयाच्या वाहिनीला फुगवटा असलेल्या मुलीला भूल देताना डॉक्टरही दोनदा विचार करतो. बेरामध्ये दोष निघाला आणि तो कानाच्या पुढे, मेंदूकडच्या वाटेवर आहे असं दिसलं, किंवा चालताना तोल जाऊ लागला, एक हात कमी वापरायला लागली, तर मी स्वतः एमआरआय लिहून देईन. तोपर्यंत नाही.

आता अशा खुणा, ज्यांतली एक जरी दिसली तरी रात्री दोन वाजताही गाडी काढायची. अचानक एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडला, तोंड पुन्हा वाकडं झालं आणि या वेळी डोळा मात्र नीट मिटतोय, बोलता-बघताना अचानक शुद्ध हरपली, झटका आला, किंवा छातीशी हात धरून मूल पांढरंफटक आणि घामाघूम झालं. मेंदूच्या वाहिनीत गुठळी अडकणं कावासाकीत फार क्वचित होतं, आणि छोट्या फुगवट्यात तर त्याहून कमी. पण झालं तर तास मोजले जातात. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट बघू नका. जिथे लहान मुलांचा अतिदक्षता विभाग आणि सीटी स्कॅन दोन्ही आहे तिथेच थेट जा, आणि ‘कावासाकी झालाय, कॉरोनरीला फुगवटा आहे, ॲस्पिरिन चालू आहे’ ही तीन वाक्यं दारातच सांगा. एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला पिन करा. रात्री आई रडत असते, बाप गाडी लावत असतो, आणि ही तीन वाक्यं सांगायला कुणी नसतं.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून चांदीपुराबद्दलही विचारलंय. तो वेगळा आजार. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात पहिल्यांदा सापडलेला विषाणू, वाळूमाशीतून पसरतो. २०२४ च्या जुलैमध्ये शेजारच्या गुजरातेत त्यानं मुलं दगावली म्हणून नंदुरबारकडे घबराट होती. त्यात ताप, उलटी, झटका आणि बेशुद्धी एका-दोन दिवसांत होते. कावासाकी झालेल्या मुलाला तो जास्त होतो असं काही नाही. घराच्या भिंतींच्या भेगा बुजवा, गोठा लांब ठेवा, बाळ मच्छरदाणीत झोपवा, जसं इतरांनी करायचं तसंच.

सासूबाईंच्या दोऱ्याबद्दल. बांधू द्या. दोऱ्यानं काही बिघडत नाही. मात्र चेहऱ्यावर चटका, डाग किंवा कानात गरम तेल, यातलं काहीही नको. कानात तेल घातलेलं पोर बेराला आलं की आधी आठ दिवस कान साफ करण्यातच जातात. त्यांना नाराज करू नका. उलट बिस्किटाच्या पुड्याची परीक्षा त्यांच्या हातून करून घ्या. नातीला ऐकू येतं की नाही हे आजीनं स्वतः बघितलं की तपासणीला नेताना घरात वाद होत नाही. माझा तरी हा अनुभव आहे.

डाव्या डोळ्याकडे अजून महिनाभर लक्ष असू द्या. झोपेत फट दिसत असेल तर रात्री मलम आणि दिवसा थेंब चालू ठेवा. आपल्याकडे जूनपर्यंत धुळीची वावटळ असते, मोटारसायकलवर पुढे बसवून नेलं की उघड्या बुबुळावर सरळ मार. पुढे बसवू नका, मधे बसवा.

शेवटचं लशींचं, कारण आशाताई दार वाजवेलच. १६ ते २४ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस तुमच्या मुलीचा बाकी आहे. आयव्हीआयजीतली तयार प्रतिकारद्रव्यं ही लस अंगात रुजू देत नाहीत, म्हणून गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस आयव्हीआयजीच्या तारखेपासून ११ महिने पुढे जाते. मार्चमध्ये दिलं, म्हणजे फेब्रुवारी. पोलिओचे थेंब आणि त्रिगुणीचा बूस्टर थांबवायचा नाही, तो वेळेवर द्या. गावात गोवरची साथच आली तर आधी द्यावी लागेल आणि मग पुन्हा एकदा, पण ते तेव्हा बघू. लसीकरण कार्डावर आयव्हीआयजीची तारीख लाल शाईनं लिहा आणि खाली डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. नाहीतर उपकेंद्रावरची ताई म्हणेल, ‘डोस चुकवला’, आणि तुम्ही एकट्या तिला काय काय समजावत बसाल.